भागिरथाच्या हातचं कोहळं

आमच्याकडे कोहळं बाईनं फोडायचं नसतं. कोहळं म्हणजे लाल भोपळा. कुणी त्याला डांगर म्हणतं, कुणी काशीफळ. फोडायचं नसतं म्हणजे पहिला घाव घालायचा नसतो. तो घरातल्या पुरुषानं घालायचा. एकदा त्याची दोन शकलं झाली की मग बाईनं विळीवर बसून हव्या तेवढ्या फोडी कराव्यात, शिजवावं, वाढावं, खरकटं काढावं, तेव्हा कोणाचा धर्म बुडत नाही. कारण विचारलं तर सांगतात, अख्खं कोहळं म्हणजे घरातला थोरला लेक. बाईनं त्याच्यावर कोयता उगारला तर थोरल्यावर संकट येतं. मला हे माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. पुढचा प्रश्न कोणत्याच सुनेनं विचारला नव्हता. आमच्या भागिरथानं विचारला, आणि तोसुद्धा तोंडानं नाही.

भागिरथा माझी शेजारीण. रिसोडच्या बाहेर आम्हा माळ्यांचे मळे एकाला एक लागून आहेत, तिच्या आणि आमच्या मळ्यात फक्त एक धुरा, म्हणजे मधला बांध. उंच, काटक बाई. बोलायची कमी आणि बोलली की नेमकं बोलायची. तिचा नवरा भिवाजी मोठ्या दुष्काळानंतरच्या साली काविळीनं गेला. मागे ही, एक लहान पोरगी आणि मळ्याचा तुकडा. भावाभावांत वाटणी झाली होती, पण तोंडी. कागदावर सगळं थोरल्या भावाच्या, माणिकरावाच्या नावावर होतं, आणि भिवाजी जिवंत असेपर्यंत त्याची कोणाला आठवण नव्हती.

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आम्ही भासरा म्हणतो. भासऱ्यासमोर पदर तोंडावर ओढायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर भिंतीकडे पाहून सांगायचं आणि भासऱ्यानं ऐकून घ्यायचं. भागिरथा लग्न होऊन आल्यापासून माणिकरावाच्या घरच्या भिंतीशी बोलत आली होती. नवरा गेल्यावर तर फारच बोलावं लागलं, कारण विहिरीवरचं इंजिन सामाईक होतं आणि पाण्याची पाळी भासरा ठरवायचा. तिची पाळी नेहमी शेवटी यायची, डिझेल संपत आलेलं असायचं तेव्हा.

लोक म्हणतात, माणिकराव वाईट माणूस नव्हता. नसेल. त्यानं तिला कधी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तो फक्त म्हणायचा की बाईच्या हातानं मळा होत नसतो. आमच्या घरी ये, दोन वेळचं खा, पोरीचं लग्न आम्ही करून देऊ, मळा आम्ही पाहू. ऐकायला किती गोड. पण त्या घरी जाऊन तिचं काय झालं असतं ते मला विचारा. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलीपुढे बसायचं, मीठ घेतानाही विचारायचं. तिचं सगळं जगणं त्या तुकड्यावर उभं होतं. तो गेला की ती कोणाची तरी कोणीतरी होऊन राहणार होती.

पाणी कमी मिळतं म्हणून तिनं कोहळी लावली. वेल चिवट असतो, आणि कोहळं घरात नुसतं ठेवलं तरी होळीपर्यंत टिकतं. त्या वर्षी वेलांना ती इतकी धरली की घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. पण अख्खं कोहळं बाजारात कोण घेतं? लग्नकार्य असेल तो. बाकी सगळ्यांना फोड हवी असते. म्हणून दर आठवडी बाजाराच्या सकाळी भागिरथा टोपलीत कोहळी घेऊन भासऱ्याच्या दारात उभी राहायची. माणिकरावाची पूजा व्हायची, चहा व्हायचा, बिडी व्हायची. मग तो बाहेर यायचा, एकेका कोहळ्यावर कोयता मारायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, हे किती दिवस चालायचं.

दिवाळीनंतरच्या एका बाजाराला तो बाहेर आलाच नाही. त्याची बायको दुर्गाबाई, भागिरथाची मोठी जाऊ, दारात येऊन म्हणाली की आज त्यांना सवड नाही, ते वाशीमला गेले. बोलताना तिनं मान वर केली नाही.

भागिरथा अख्खी कोहळी घेऊन बाजारात बसली. मी तिच्या समोरच्या रांगेत वांगी घेऊन होते, सगळं पाहत होते. बाया यायच्या, पावशेर फोड मागायच्या, अख्खं कोहळं पाहून पुढे जायच्या. शेजारच्या कांदेवाल्यानं ते ओळखलं आणि मोठ्यानं विचारलं, म्या फोडून देऊ काय, पण मग दर आठवड्याले बोलवा लागन. आजूबाजूचे हसले. रंडकीची अशी थट्टा आमच्या बाजारात फुकट मिळते. भागिरथाच्या दुसऱ्या बाजूला गोजराबाई मिरच्या घेऊन बसायची. ती बौद्धवाड्यातली, तिचा नवरा एसटीवर ड्रायव्हर. तिनं कांदेवाल्याकडे असं पाहिलं की तो कांदे निवडायला लागला, मग भागिरथाकडे वळून हात पुढे केला.

"आन इकडं, एका घावात फोडून ठेवीन. आमी छप्पन सालीच सोडलं हे सगळं. कोहळं फोडावं अन खावं, त्यात लेकाचं काय काम?"

भागिरथानं टोपली जवळ ओढली. मग म्हणाली, "तुह्या हातानं फोडलं तं माहा हात तसाच राह्यन."

टोपली उचलून ती घरी निघाली. एक फोडही विकली नाही.

संध्याकाळी चूल पेटवायच्या वेळेला मी विस्तव मागायला तिच्याकडे गेले, तर घरातलं सगळ्यात मोठं कोहळं गोणपाटावर ठेवलेलं आणि ती हातात कोयता घेऊन समोर बसलेली. पोरगी चुलीजवळ. मी म्हटलं, भागिरथे, अवदसा आठवली काय तुला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहा थोरला लेक कुठं हाय ते सांग, केशर. त्याले विचारून फोडीन."

आणि घाव घातला. कोयता अर्ध्यातच अडकला. तिला सवय कुठे होती? ओढला तर निघेना, दाबला तर जाईना. शेवटी तिनं कोयत्यासकट कोहळं डोक्याच्या वर उचललं आणि जमिनीवर आपटलं. ते उललं, बिया घरभर उडाल्या. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत बसलो. भिंत पडली नाही, दिवा विझला नाही. पोरीनं एक बी उचलून विचारलं, भाजून देते का. भागिरथानं बिया भाजल्या आणि आम्ही तिघींनी खाल्ल्या. चांगल्या लागल्या, खोटं कशाला सांगू.

आता अडचण वेगळी होती. फोडलेलं कोहळं टिकत नाही आणि पुढचा बाजार आठवड्यावर. दोन माणसांनी एवढं खायचं तरी किती. दुसऱ्या दिवशी शाळेत महिला मंडळाचा वर्ग होता, तिथे बायांना वाटून टाकू म्हणून तिनं दोन्ही शकलं बरोबर घेतली. मी सातवी पास असल्यानं मंडळाची चिटणीस होते, म्हणजे सतरंजी अंथरणं माझ्याकडे होतं. ग्रामसेविका बाई त्या दिवशी अशक्त लेकरांसाठी चॉकलेटची वडी शिकवणार होत्या. त्यासाठी त्यांनी अकोल्याहून कोकोचा डबा आणला होता. चॉकलेट म्हणजे आम्हाला दुकानातल्या बरणीतली लिंबाची नाहीतर संत्र्याची गोळी ठाऊक. ही काळी पूड पाहून एका बाईनं हे दंतमंजन आहे का असं विचारलं. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. करपल्यासारखी कडू.

वडी व्हायची होती दुधाच्या पावडरीची. पावडरीचा डबा उघडला तर ओल लागून आत दगड झालेला. रेशनची साखरही आलेली नव्हती. बाई हिरमुसल्या, वर्ग पुढच्या आठवड्याला ठेवू म्हणाल्या. स्टोव्ह तर पेटलेला होता. भागिरथा म्हणाली, कोहळं घालून पाहा, गूळ मी घरून आणते. बाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, बघू तरी. त्या नवीन होत्या, तरुण होत्या आणि त्यांना कोणत्याही गोष्टीचं भय नव्हतं, म्हणून मला आवडायच्या.

त्या दिवशी वडी झाली नाही. झाली ती काळी लापशी. पण शाळेच्या ओट्यावरची पोरं पातेल्याला अशी चिकटली की पातेलं घासायची गरज उरली नाही. कोहळं कोणी फोडलं हे कोणी विचारलं नाही. भासऱ्यानं फोडलं असेल असं सगळ्यांनी धरून घेतलं. बाईंनी उरलेला कोको भागिरथाला देऊन टाकला.

मग आम्ही दोघींनी जे उद्योग केले त्याची गणती नाही. एक घाणा सैल राहिला, चमच्यानं खावा लागला. एक इतका घट्ट झाला की पोरांनी त्याच्या गोट्या खेळाव्यात. एक करपला, पण मुळातच काळा असल्यानं कळलं नाही, तोंडात घातल्यावर कळलं. कोहळं किसून तुपावर घालायचं आणि त्यातलं पाणी पूर्ण आटेपर्यंत हलवत राहायचं, यात घाई चालत नाही. गूळ घातला की ते परत पातळ होतं, तेव्हा परत हलवायचं. हात भरून येतो. कोको शेवटी. तरीही वडी धरेना, तेव्हा भागिरथानं भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घातलं आणि ताटात थापलं. ते थंड झाल्यावर सुरी फिरवली तर अशा सुरेख वड्या निघाल्या की आम्ही दोघी हसायलाच लागलो. नवरा गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. वडी खाल्ली तर कोहळ्याचा पत्ता लागत नव्हता. आधी थोडं कडू, मग गोड, आणि दाताला दाण्याची चव.

गुंडाळायला आधी पतंगाचा कागद घेतला. त्याचा रंग सुटला, पोरांचे ओठ गुलाबी झाले, आया भांडायला आल्या. मग पळसाची पानं घेतली. पळसाला आमच्याकडे तोटा नाही आणि रंगही सुटत नाही. कोको संपला तेव्हा गोजराबाईचा नवरा अकोल्याच्या गाडीवर जाता-येता डबा आणून द्यायला लागला. कोहळी भागिरथा स्वतः फोडायची. आता कोयता अडकत नव्हता.

बाजारात त्या वड्यांवर उड्या पडल्या. मास्तर लोक घ्यायचे, नर्सबाई घ्यायच्या, पोरं तर आईचा पदर ओढत आणायची. लोक तिला चाकलेट म्हणायचे आणि खव्याची आहे समजायचे. एका बाजाराला आमच्या भावकीतल्या एका बाईनं वडी चघळत विचारलं, खवा कुठला घेतेस. भागिरथाला गप्प राहता आलं असतं. कुठलंही नाव सांगितलं असतं तरी कोणी वड्या फोडून पाहणार नव्हतं. मी समोरून डोळ्यांनी खुणावत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, खवा नाही, कोहळं आहे.

"फोडून कोण देते?"

"मी फोडली. सगळी."

त्या बाईनं तोंडातली वडी बाहेर काढली, पानात गुंडाळली आणि भागिरथाच्या टोपलीत परत ठेवली. अर्धी खाल्लेली. मला आजही ती वडी आठवली की हात शिवशिवतात. आणखी काही जणींनी वड्या परत ठेवल्या. गोजराबाईनं त्या सगळ्या उचलून आपल्या पोरांसाठी बांधून घेतल्या आणि वर म्हणाली की कमी पडल्या, अजून दे.

आता भासऱ्याच्या घरचं सांगते. माणिकरावाला एकच मुलगा, उकंडराव, आणि त्याची बायको आवडा त्या वेळी गरोदर होती. तिला डोहाळे लागले ते नेमके या चाकलेटाचे. दुर्गाबाई ताकाचं गाडगं घेऊन मागच्या कुंपणातून यायची आणि पदराखाली वड्या घेऊन जायची. गरोदर बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराची लाळ गळते, हेही आमच्याकडे सासूनंच सुनेला सांगितलेलं. त्यामुळे त्या घरात एका समजुतीनं वडी विष होती आणि दुसऱ्या समजुतीनं औषध. दुर्गाबाईनं तोंड न उघडता दोन्ही सांभाळलं.

बाजारातली गोष्ट माणिकरावाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्यानं भावकी बसवली, आपल्याच अंगणात. पुरुष बाजेवर, आम्ही बाया पडवीत. तो म्हणाला की घरात थोरला एकच आहे, त्याची बायको पोटुशी आहे, आणि घरचीच बाई राजरोस कोहळी फोडत सुटली आहे. तिनं हे बंद करावं, आमच्या घरी येऊन राहावं, मळ्याचं आम्ही पाहू. पुन्हा तेच. कोहळं हे निमित्त होतं. बी मळ्यात होती.

भागिरथा आली ती कमरेवर कोहळं घेऊन. एका हातात कोयता. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. ती भिंतीकडे वळली नाही, सरळ माणिकरावासमोर उभी राहिली.

"दादा, आज मधात भिंत नाई. माह्या घरात बाप्या नाई तं कोहळं सडू द्या, अन कोहळं सडलं की म्हना, बाईले मळा होत नाई. हे मले कळते. म्हणून मी फोडते. तुमच्या माघारी नाई, तुमच्या पुढं."

तिनं कोहळं अंगणात ठेवलं आणि फोडलं. बाजेवरचे पुरुष उठून उभे राहिले. माणिकरावाचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला की सुनेच्या बाळंतपणात काही कमीजास्त झालं तर तुला मळ्यात पाय ठेवू देणार नाही. एका म्हाताऱ्यानं मध्ये पडून तोड काढली: बाळंतपणापर्यंत थांबू. सगळं नीट झालं तर तिचा मळा तिच्याकडे, कोणी बोलायचं नाही. आम्हा सगळ्यांना ते बरं वाटलं. मलाही वाटलं. पहिलं बाळंतपण असलं तरी आवडा धट्टीकट्टी होती, काय होणार होतं?

भागिरथानं कोयता पदराला पुसला.

"म्हंजे लेकरू धडधाकट झालं तं मळा माहा, अन नाई झालं तं तुमचा? आवडाच्या पोटावर मी पैज लावत नाई. मळा आजच माहा हाय."

फोडलेलं कोहळं तिथेच टाकून ती निघून गेली. मागून दुर्गाबाईनं ती शकलं उचलून आत नेली. अन्न कोण टाकतं?

पुढचे दिवस वाईट गेले. आमच्या जातीतल्या लोकांनी वड्या घेणं सोडलं. इंजिनाच्या पाण्याची पाळी शेवटची होती, ती बंदच झाली. भागिरथा माझ्या मळ्यातून घागरींनी पाणी नेऊन वेल आणि मिरच्या जगवायची. मला माझ्या घरी बोलणी बसली, ती मी ऐकली आणि सोडून दिली. वड्या शाळेच्या फाटकाशी आणि बौद्धवाड्यात खपत होत्या. ती दर बाजाराला आधी अख्खं कोहळं समोर ठेवायची, लोक जमले की फोडायची आणि मगच वड्यांची टोपली उघडायची. एवढं करायची काय गरज आहे असं मी एकदा चिडून विचारलं. ती म्हणाली, घरात फोडलं तर चोरी होते.

माघात आवडा बाळंत झाली. दिवस भरले नव्हते, आठवा चालू होता. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. सुईणीनं तिला कापसात गुंडाळून शेकोटीजवळ ठेवलं. सकाळपर्यंत सगळ्या माळ्यांच्या वस्तीला खबर होती आणि सगळ्यांची बोटं एकाच घराकडे वळली. मी घाबरले. मी देवापुढे हात जोडले की ही पोर जगू दे, आणि मनात ठरवलं की भागिरथाला म्हणायचं, आता थांब.

ते म्हणायला मी धुरा ओलांडतच होते तर माणिकरावाची बैलगाडी तिच्या मळ्यात शिरताना दिसली. गाडीत नांगर टाकलेला. उकंडराव हाकत होता, भावकीतले दोघे मागे बसलेले, माणिकराव पुढे चालत होता. मळा नांगरून आपल्या मळ्याला जोडायचा, दोन भावांमधला धुरा मोडायचा. धुरा एकदा मोडला की तोंडी वाटणीला साक्ष कोणाची? बाजाराचा दिवस होता. भागिरथानं खोपटापुढे कोहळी रचून ठेवली होती. ती वाटेत येऊन उभी राहिली. बैल तिच्यासमोर थांबले.

तिनं नांगराकडे पाहिलं नाही. उकंडरावाला विचारलं, "लेकरू कसं हाय?"

बापाच्या धाकानं तो बोलणार नव्हता, पण पहिल्यांदाच बाप झालेला माणूस किती गप्प राहणार. "दूध ओढून राह्यली," म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं.

माणिकरावानं त्याला दटावलं आणि बैल सोडून नांगराला जुंप म्हणून सांगितलं. उकंडराव उतरला, पण जुवाला हात लावून तसाच उभा राहिला. भागिरथा जागची हलली नाही. ती म्हणाली, नांगर माझ्या अंगावरून जाईल, जाऊ द्या. ती हे मोठ्यानं म्हणाली नाही. म्हणून मला खरं वाटलं.

तेवढ्यात गाडीवाटेनं दुर्गाबाई येताना दिसली. बाळंतिणीचं घर सोडून, एकटी. इतक्या वर्षांत तिला पुरुषांच्या कामात अशी मध्ये येताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती नवऱ्याच्या शेजारून गेली, रचलेल्या कोहळ्यांतलं एक उचललं, जमिनीवर ठेवलं, पायानं टेकण दिलं, भागिरथाचा कोयता घेतला आणि मारला. एकच घाव. कोहळ्याची दोन सारखी शकलं दोन बाजूंना पडली, बी सांडली नाही.

पहिल्यांदा कोहळं फोडणाऱ्या बाईचा कोयता कसा अडकतो ते मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. हा हात नवा नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं, आणि माणिकरावाच्याही आलं असावं, कारण तो बायकोकडे असा पाहत होता की ही कोण.

"उकंडा पोटात होता तवापासून फोडून राह्यली मी," दुर्गाबाई म्हणाली. "भाजीच्या वक्ताले तुमी घरी असता कधी? फोडायचं, अन तुमी आले की दुसरं अख्खं पुढं ठेवायचं. तुमचा लेक तुमच्या पुढं उभा हाय."

मला वाटलं, झालं, संपलं. भागिरथा आता जावेच्या गळ्यात पडेल. कसली पडते? तिच्या कपाळाला आठी.

"जाऊबाई, उकंडाले काई झालं असतं, तरी कोहळ्याचा दोष नसता. थेबी सांगा."

दुर्गाबाईला हे अपेक्षित नव्हतं. तिनं कोयत्याच्या पात्याला चिकटलेला गर बोटानं पुसला. आपल्या एकुलत्या लेकाबद्दल असं बोलणं कोणत्या आईला सोपं असतं? मग ती नवऱ्याकडे वळली. "थेबी खरं हाय," म्हणाली. "आज रातीतून नात गेली असती, तरी खरं." आणि कोयता भागिरथाच्या हातात देऊन नेहमीच्या आवाजात म्हणाली की आवडा चाकलेट मागते आहे, बाळंतिणीला चालतं की नाही माहीत नाही, पण मागते आहे तर दे.

भागिरथानं पळसाच्या पानात वड्या बांधून दिल्या. दुर्गाबाईनं या वेळी त्या पदराखाली घेतल्या नाहीत. हातात धरून, सगळ्यांसमोरून गेली.

माणिकरावानं उपरणं खांद्यावर टाकलं आणि गाडी तिथेच सोडून बांधाबांधानं पायी निघाला. भावकीतले दोघे त्याच्यामागे गेले. उकंडराव गाडीजवळ उभा, जावं की राहावं ते त्याला कळेना. भागिरथानं त्याचा प्रश्न सोडवला.

"गाडी आलीच हाय तं कोहळी बाजारात टाकून दे, बाप्पा. उशीर झाला."

उकंडरावानं नांगर उतरवून माझ्या बाजूच्या धुऱ्याजवळ ठेवला आणि गाडीत कोहळी भरली. त्या दिवशी भागिरथा भासऱ्याच्या गाडीत बसून रिसोडच्या बाजारात शिरली, कोहळ्यांच्या ढिगावर, मांडीवर पोरगी घेऊन. कांदेवाल्यानं सरकून जागा दिली. मी गाडीमागून चालत होते; गोजराबाई मला म्हणाली की तोंड मिट, माशी जाईल.

नांगर मात्र बरेच दिवस धुऱ्याजवळच पडून होता. मागायला कोणी येईना. आवडाची पोरगी कापसातून बाहेर आली, रडायला लागली, अंग धरायला लागली. इंजिनाचं पाणी काही न बोलता परत सुरू झालं. लोक म्हणायला लागले की बघा, काही झालं नाही, भागिरथाच खरी. ते ऐकलं की ती अजून चिडायची. आणि मग एका सकाळी माणिकराव स्वतः आला. एकटा. येऊन धुऱ्याच्या पलीकडे, माझ्या बाजूला उभा राहिला. तिच्या मळ्यात पाऊल टाकलं नाही. मी वांग्यांत वाकलेली होते, तशीच राहिले.

भागिरथानं खुरपं खाली ठेवलं. पदर होता तिथेच होता.

"दादा, नांगर घेऊन जा. माह्या वाफ्याची जागा अडली."

माणिकरावानं खाकरून घसा साफ केला. मग धुऱ्यावरच्या बाभळीकडे तोंड केलं आणि बाभळीला म्हणाला, "नेतो."